आठ दिवसांच्या रांगोळ्या

आश्विन सरत आला की पहाटेचं दव रांगोळीत शिरतं. चिमटीतून सरसर सुटणारी पूड मग अडखळते, तिचे बारीक गोळे पडतात आणि केसाएवढी जायला हवी ती रेघ मध्येच फुगून बसते. म्हणून मंठ्याच्या घरी मी रांगोळीचा डबा चुलीच्या कडेला ठेवत असे. सडा टाकून झाला की तो ऊबदार डबा तळव्यांत घेऊन अंगणात उकिडवं बसायचं. ओल्या शेणाचा, शेजारच्या परसातल्या शेवंतीचा आणि बाजाराकडे निघालेल्या गाड्यांतल्या नव्या कापसाचा वास एकमेकांत मिसळून यायचा, आणि पूर्वेला अजून पुरतं तांबडंही फुटलेलं नसायचं. पहिला ठिपका पडला की घरातली माणसं, त्यांची बोलणी, राहिलेली कामं, सगळं मागे राहायचं. एकवीस ठिपके, एकवीस ओळी, आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणारी एकच अखंड रेघ. ती जिथून निघाली तिथे परत येईपर्यंत मी कुणाची सून नव्हते की कुणाची बायको नव्हते.

ज्या वर्षी माझ्या हातून सर्वांत देखण्या रांगोळ्या उतरल्या, त्या वर्षाचं मला सांगायचं आहे. जालना हा वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, आणि माझ्या लग्नालाही तेवढीच. वसुबारसेपासून पुढे आठ सकाळी मी रोज नवी नक्षी काढली. त्या आठही सकाळी माझे वडील या जगात नव्हते, आणि हे मी सोडून आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी आबा शिंपीकाम करत. आश्विन हा त्यांचा घाईचा महिना. गावभरची दिवाळीची कापडं ओसरीवर येऊन पडत. नव्या, खळीच्या कापडाचा उग्र वास घरभर भरून राही, आणि त्या ढिगाआड आबा मान खाली घालून मशीन चालवत. कापडावर रेघा मारून झिजलेले खडूचे तुकडे ते माझ्यासाठी बाजूला ठेवत, आणि मी त्यांच्या मशीनशेजारी, शहाबादी फरशीवर, त्यांच्याच टेपनं मोजून ठिपके मांडत बसे. मी धुसफुसत असले, आईनं रागावलेलं असलं, की ते मशीन न थांबवता म्हणत, "हात चालू ठिव, माय. डोस्कं आपसुक गप बसतंय." त्यांचं स्वतःचं डोकं असंच गप बसत असावं, कारण मी त्यांना कधी कुणावर ओरडताना पाहिलं नाही. ते गेले तेही मशीनवरच, एकादशीच्या दुपारी, कुणाच्या तरी सदऱ्याची बाही अर्धी जोडलेली असताना.

माझा धाकटा भाऊ दत्ता यानं शेजारच्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मंठ्याला धाडलं. आमचं घर गावाच्या आतल्या अंगाला होतं आणि सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान स्टँडाला लागून. त्यामुळे तो माणूस आधी दुकानावर गेला. तिथे त्याला चहा मिळाला आणि निरोप मिळाला, की सुनेला टायफॉइड झालाय, हलवता येत नाही. तो त्याच पावली परत गेला. मी त्या वेळी घरी, हातात रांगोळीचा डबा घेऊन, अंगणातल्या नक्षीत निळा भरावा की जांभळा, याचा विचार करत असेन.

कारण काही फार मोठं नव्हतं. माझी नणंद शोभा हिला बघायला भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी परतूरची मंडळी यायची होती. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, आणि उशिरा कळलं तर ते कळल्यापासून धरायचं. म्हणजे कळलंच नाही तर सुतक लागतच नाही. इतकं सोयीचं शास्त्र हाताशी असताना ऐन सणात रडणारी सून घरात कोण ठेवील? पाहुणे येऊन गेले की तिला सांगायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे माझे सासरे, सासूबाई, शोभा आणि माझे यजमान अशा चौघांत ठरलं.

आणि मग सगळे माझ्याशी गोड वागू लागले. एरवी माझ्या रांगोळीला सासूबाई रेघोट्या म्हणत. तासभर अंगणात बसले तर आतून भांडी आपटल्याचा आवाज येई. त्या दिवाळीत त्यांनी स्वतः डबा चुलीपाशी सरकवून ठेवला. एका सकाळी तर त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याजवळ बसून राहिल्या. शोभानं न सांगता खरकटी भांडी घासली. हे जालन्याला दुकानाचा माल आणायला गेले ते माझ्यासाठी रंगांच्या सात पुड्या घेऊन आले. लग्नानंतर त्यांनी मला स्वतःच्या मनानं काही आणल्याचं मला आठवत नव्हतं. गुलाबी रंग इतका गडद होता की बोटांवरून दोन दिवस उतरत नसे. ते माझ्यामागे उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अजून काढ. मोठी काढ." मला वाटलं, झाले एकदाची मी या घरातली. लक्ष्मीपूजनाला मी एकतीस ठिपक्यांची नक्षी मांडली, ती पायरीपासून रस्त्यापर्यंत गेली, आणि जाणारी-येणारी माणसं तिला वळसा घालून चालत होती.

भाऊबीजेला मी पाटाभोवती वेल काढला. दत्ता दर वर्षी दहाच्या गाडीनं यायचा. दहाची गेली, बाराची गेली. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीत गाड्या लई भरून येत्यात. यील उद्या-परवा." यजमान ताटावरून अर्धपोटी उठले. मी मात्र भावावर रुसले. कापूस वेचायचा असेल, बहिणीपेक्षा कापूस मोठा, असं काहीबाही फणकाऱ्यानं बोलले. माझं ते बोलणं सगळ्यांनी ऐकून घेतलं.

परतूरची मंडळी आली तेव्हा अंगणात माझी आठवी रांगोळी होती. मुलाच्या आत्यानं चप्पल बाहेर काढता काढता विचारलं, "कुणी काढली हो ही?"

"आमच्या शोभीनं," सासूबाई म्हणाल्या.

चारच्या गाडीनं पाहुणे गेले. पसंती सांगूनच गेले. मग सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाल्या, "घाबरू नको. तुझे आबा गेलेत."

"कधी?"

"एकादशीला. त्यो निरोप्या आल्ता दुकानावर. पाहुणे येणार व्हते, मंग घरात रडारड कशी चालली असती? तुझी दिवाळी तर गोडीत गेली का न्हाई?"

मी दाराकडे पाहिलं. हे चौकटीत उभे होते आणि पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यावरची सांडलेली रांगोळी पुसत होते.

मी माहेरी पोचले ती दहाव्याच्या दिवशी. पुरुषमाणसं नदीवरून परतली होती. ओसरीवर न शिवलेली कापडं तशीच पडलेली, आणि भेटायला आलेल्या बायकांपैकी एक-दोघी जाता जाता दत्ताकडे हळूच आपलं कापड मागत होत्या. तो ढीग उपसून ज्याचं त्याला काढून देत होता. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ घेतलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "उतरला का गं ताप?"

कसला ताप, हे मला कळेना. तेवढ्यात तिची नजर माझ्या बोटांवर गेली. नखांच्या कडांत तो गडद गुलाबी रंग तसाच होता. चुलतीनंही तो पाहिला. "टायफॉइडात बी रांगोळ्या काढल्या व्हय बाई?" ती म्हणाली, आणि ओसरीवरच्या सगळ्या बायका माझ्या हातांकडे पाहू लागल्या. मी काय झालं ते सांगितलं, रडत सांगितलं, शपथा घेऊन सांगितलं. आईनं मान हलवली. दत्ता मात्र कापडाच्या घड्या घालत राहिला. "शेवटच्याला तुझंच नाव घेतलं त्यांनी, आक्का," एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर भाऊबीजेला तो कधी मंठ्याला आला नाही.

सासूबाई गेल्या, सासरे गेले, पुढे हेही गेले. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही काढला नाही. वीस वर्षांचा संसार आम्ही त्याला वळसा घालून केला. खोटं बोलल्याबद्दल मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. माणसं सोयीसाठी खोटं बोलतात, मीही बोलले आहे. पण मला जी गोष्ट आतून कुरतडते ती वेगळी आहे. त्या आठ दिवसांत मी सुखी होते. इतकी सुखी मी त्याआधी नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही. ते सुख खोटं होतं असं म्हणून सुटता येत नाही, कारण मी ते पोटभर उपभोगलं. आबांची राख निवत होती आणि मी पाठीवर कोवळं ऊन घेत गुणगुणत होते. याची माफी कुणी कुणाची मागायची, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आता मी जालन्यात मुलाकडे असते. यंदा आश्विन लागला तशी माझी सून सुनंदा हिनं एक जाड कागदाची वही आणि काळं पेन आणून दिलं. कुठल्याशा पुरवणीत तिनं वाचलं होतं, की रोज एक नक्षी काढावी, मन शांत होतं. मी खिडकीशी बसून काढते. हात काहीच विसरलेला नाही. ठिपके न मोजता सरळ पडतात. आणि मन खरोखरच शांत होतं. तेच मला सोसत नाही. रेघा जुळत आल्या, आतलं सगळं निवांत झालं, की एकाएकी मी पेन खाली ठेवून घरातल्या माणसांचे चेहरे न्याहाळू लागते.

परवा दुपारी अशीच बसले होते. बाहेर शरदाचं स्वच्छ, चटका देणारं ऊन पडलं होतं. सुनंदा आली, न मागता चहा ठेवला, मी निवडायला घेतलेली मेथी माझ्यापुढून उचलली आणि म्हणाली, "आई, तुम्ही काढा निवांत. बाकीचं मी बघते." इतक्या मायेनं ती एरवीही बोलते. पण मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं,

"सुनंदा, खरं सांग. कोण गेलंय?"