आणखी एक फेरी

आमचे नाना मेकॅनिक जुनी गाडी पूर्ण खोलून परत जोडायचे, तेव्हा शेवटी एखाददुसरा नटबोल्ट हमखास उरायचा. गाडी मात्र सुरू व्हायची, पळायची, कुठे काही अडायचं नाही! उरलेला नट नाना एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि म्हणायचे, "यानी जागा कोठे व्हती, माले आजून समजनं नही." वर्षानुवर्षं टाकून तो डबा गच्च भरला होता. आमच्या या मंडळींचे किस्सेही तसेच माझ्याकडे साठले आहेत. कुठे बसवायचे ते कळत नाही, आणि फेकून द्यायला हात होत नाही.

मंडळी म्हणजे जुन्या रेसच्या गाड्यांची हौस असलेली पाच माणसं. आमच्या यांचं जळगावला गॅरेज, नाना तिथलेच मेकॅनिक. धुळ्याबाहेर लढाईच्या काळातली एक धावपट्टी ओसाड पडलेली होती. पट्टी आणि बाजूचा रस्ता मिळून लांबट वर्तुळ व्हायचं. फार पूर्वी तिथे खऱ्याखुऱ्या शर्यती व्हायच्या. मग एका शर्यतीत पहूरचे माधवभाऊ गेले आणि सगळं बंद पडलं. वीस वर्षांनी, म्हणजे ऐंशीच्या पुढे, आमच्या यांनी आणि मित्रांनी त्याच जुन्या गाड्या शोधून काढल्या, दुरुस्त केल्या आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी तिथे पळवायला सुरुवात केली. छप्पर नाही, समोर काच नाही, धुराचा पाइप बाहेरून काढलेला. आवाज असा, की असोद्याच्या माझ्या आईने एकदाच ऐकला आणि म्हणाली, "जावईबापूंना दुसरी हौस मिळाली नाही का?"

*

मी शाळा शिकलेली, म्हणून फेऱ्या मोजायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक गाडीने दहा फेऱ्या मारायच्या. कागदावर रेघा मारायला गेले, तर पहिल्याच गाडीच्या वाऱ्याने कागद उडाला! जवळच चिंचेचं झाड होतं. मी चिंचोके गोळा केले, पाच वाट्या मांडल्या. गाडीचा आवाज जवळ आला की चिंचोका मुठीत घ्यायचा, गाडी समोरून गेली की तिच्या वाटीत टाकायचा.

त्या पहिल्या वर्षी पाचही गाड्या दहा-दहा फेऱ्या मारून थांबल्या. इंजिनं बंद झाली. मी वाट्या तपासल्या, प्रत्येकीत दहा. सगळं बरोबर.

"झालं का?" यांनी विचारलं.

"झालं," म्हणून मी हात झटकायला गेले, तर माझ्या मुठीत एक चिंचोका होता.

गाडीचा आवाज जवळ आल्याशिवाय मी तो उचलायचे नाही, खरं सांगते!

"तुला भूक लागली आहे," हे म्हणाले. "भाकरी खा."

नाना मात्र माझ्या मुठीकडे बघत राहिले. पुढे प्रत्येक वर्षी ते माझ्या मागे येऊन उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "वहिनी, मोजणी बरोबर शे ना?"

*

नानांचा एक नियम होता. पळून आलेल्या गाडीवर लगेच ताडपत्री टाकायची नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा, गार लागलं तरच झाकायचं.

"गरम गाडी झाकी ते तिले घाम येस," ते म्हणायचे, "मंग गंज चढस."

एकदा डॉक्टरांनी घाईने ताडपत्री टाकली. हे डॉक्टर आमच्यातले सगळ्यात शिकलेले. नाना ओरडले, "तुमना पेशंटले ताप येस तधळ तुम्ही त्यावर गोधडी टाकतस का?"

डॉक्टर म्हणाले, "टाकतो ना!"

"म्हनीसन ते लोके मना गॅरेजमा येतस!"

*

भुसावळचे ड्रायव्हरकाका रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्यभर इंजिन चालवलं, त्यामुळे रेसची गाडीही ते पॅसेंजरसारखीच चालवायचे. आले की सगळ्यांना जोरात "जयभीम" करायचे, रुमालाने सीट पुसायचे आणि हिरवं निशाण दिसल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. बाकीचे चार धुरळा उडवत निघून गेलेले, आणि काका सीटवर शांत बसलेले!

"काका, निघा की!"

"सिग्नल कुठे पडलाय?"

पश्चिमेच्या वळणावर ते दर फेरीला हॉर्न द्यायचे. समोर कोणी असो नसो. "वळणावर शिटी द्यायची. नियम आहे."

हेच ते वळण. माधवभाऊंचं टायर तिथेच फुटलं होतं.

एका वर्षी काका परत आले ते वैतागूनच. "कोण होतं रे माझ्या मागे? वळणावर सारखा हॉर्न मारत होतं! शेवटी गाडी बाजूला घेऊन साइड दिली."

"काका," हे म्हणाले, "तुमच्या मागे कोण असणार? आम्ही चौघे केव्हाच थांबलो होतो. पट्टीवर तुम्ही शेवटचे होता."

"शेवटचा?" काका विचारात पडले. मग टोपी काढून म्हणाले, "तरीच! साइड दिली, पण पुढे कोणी गेलंच नाही."

*

डॉक्टरांना असलं बोलणं आवडायचं नाही. "उघडी जागा आहे, आवाज घुमतो. तुम्ही लोक स्वतःच्याच इंजिनाला घाबरता!" पुढच्या वर्षी खात्री करायला ते आपली गाडी न पळवता वळणावर जाऊन उभे राहिले. हातात घड्याळ, गळ्यात मफलर.

धुळ्याची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीत असेल. त्या दिवशी धुकं होतं, पण वारा अजिबात नव्हता. चिंचेचं पानही हलत नव्हतं. चारही गाड्या फेऱ्या पुऱ्या करून माझ्यासमोर थांबल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तरी डॉक्टर येईनात. मग धुक्यातून चालत आले. चष्म्यावर, मिशीवर, मफलरवर सगळी धूळ. आणि धूळ फक्त डाव्या अंगाला, जणू आत्ताच एखादी गाडी खेटून गेली!

"काय झालं, डॉक्टर?"

त्यांनी चष्मा पुसला. पुसत राहिले.

"आज वारा होता," ते म्हणाले. "हे सगळ्यांनी लक्षात ठेवा."

*

धनगरांची मेंढरं त्या भागात बसायची. त्यांचा एक पिवळट कुत्रा दर वर्षी भाकरीच्या आशेने माझ्या टेबलापाशी येऊन बसायचा. गाडी गेली की त्याची मान डावीकडून उजवीकडे फिरायची. आम्हाला गंमत वाटायची. ड्रायव्हरकाका म्हणायचे, "हा आपला पॉइंट्समन! प्रत्येक गाडी बघून सोडतो."

गाड्या थांबल्यावर एकदा मी त्याला भाकरीचा तुकडा टाकला. त्याने तुकड्याकडे पाहिलंच नाही. पट्टी रिकामी होती. त्याची मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरली, आणि मग त्याने भाकरी खाल्ली.

मी हे कोणाला सांगितलं नाही. "भूक लागली आहे" असं कुत्र्याबद्दल कोण म्हणणार?

*

माधवभाऊंच्या पत्नी, अक्का, पहूरलाच राहायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी भाऊंच्या निळ्या गाडीचं इंजिन काढून विहिरीवर बसवलं आणि त्यावर केळीला पाणी दिलं. गाडीचा सांगाडा गोठ्यात ताडपत्रीखाली उभा. त्या विहिरीवरच्या इंजिनाची दुरुस्ती आमचे हे करायचे. संक्रांतीला अक्का त्यांच्याबरोबर तिळाच्या पोळ्यांचा डबा द्यायच्या आणि सांगायच्या, "नानांना एक जास्त द्या. फार केलं त्यांनी आमच्या मालकांसाठी."

नाना त्या पोळ्यांना कधी हात लावायचे नाहीत. "माले साखरनी बिमारी शे," म्हणायचे. एकदा डॉक्टरांनी पकडून तपासणी केली. साखर अगदी बरोबर निघाली!

"नाना, तुम्हाला काही नाही. खा पोळी!"

नाना उठून झाडामागे गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले, तेव्हा ते बोलले. माझ्याजवळ पहिल्यांदाच.

पूर्वीच्या शर्यतीत शेवटचं निशाण नसायचं. ज्याचा त्याचा माणूस कडेला पाटी धरायचा, त्यावर किती फेऱ्या उरल्या तो आकडा. माधवभाऊंची पाटी नाना धरायचे. त्या दिवशी कोणीतरी मागून चहा घेता का म्हणून विचारलं, नानांनी मान वळवली, आणि एक फेरी मोजायची राहून गेली. शर्यतीच्या दहाही फेऱ्या झालेल्या असताना त्यांनी पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, १.

"तो जिकेल व्हता, वहिनी," नाना म्हणाले. "बाकीना बठ्ठा थांबी ग्यात. मी त्याले आजून एक फेरी माराले लावी."

त्या फेरीत टायर फुटलं.

"अक्कांना माहीत आहे?"

नानांनी नुसती मान हलवली. नाही.

*

आता शेवटचा किस्सा. नव्वदनंतर एका वर्षी कळलं, की धावपट्टीला तारेचं कुंपण पडणार. म्हणजे ती आमची शेवटची संक्रांत. अक्कांनी निरोप पाठवला, "मी येते. यांची गाडीही आणते. एकदा लायनीत उभी राहू दे."

रात्रभर चालून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून निळी आली. सगळ्यांनी मिळून ती उतरवली आणि ओळीच्या टोकाला उभी केली. वाटेतल्या धुक्याने ती दवाने भिजली होती, लोखंड बर्फासारखं गार. यांनी बॉनेट उघडून पाहिलं. आत चिमणीने घरटं बांधलेलं, बाकी रिकामं. बॉनेट लावून टाकलं. अक्का खुर्चीत माझ्या शेजारी बसल्या.

गाड्या पळाल्या, थांबल्या. वाट्यांत दहा-दहा चिंचोके झाले. मूठ मी उघडली नाही. आत काय आहे ते हाताला लागत होतं.

अक्कांनी डबा उघडला आणि स्वतः नानांच्या पुढ्यात धरला. "नाना, माझ्या पोळ्या तुम्ही खात नाही म्हणे. का हो?"

नाना पंचाहत्तरीचे. ते तिथेच मातीत खाली बसले आणि सगळं सांगितलं. चहाचं, मान वळवल्याचं, पाटीवरच्या आकड्याचं. आम्ही सगळे ऐकत होतो. ड्रायव्हरकाकांनी टोपी काढून हातात घेतली होती.

अक्का पट्टीकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता उठतील आणि निघून जातील. रागावल्या असत्या, तरी कोणी काय म्हणणार होतं?

"म्हणजे," अक्का म्हणाल्या, "थांबा असं त्यांना कोणी सांगितलंच नाही?"

अक्का पट्टीवरून नानांकडे वळल्या.

"ती पाटी कुठे आहे?"

नानांच्या पिशवीत होती, फडक्यात गुंडाळलेली. आकडा पुसट झाला होता, पण दिसत होता. त्यांनी तो कधी पुसलाच नव्हता. अक्कांनी पदराने तो पुसला. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "खडू आहे का ग?" गाड्यांवर नंबर घालायचा खडू मी दिला. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, घरी चला.

मग त्या पट्टीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, पश्चिमेच्या वळणाकडे तोंड करून, पाटी छातीशी धरून. धुक्यात वळण दिसतही नव्हतं. कुत्रा टेबलाखालून बाहेर आला. त्याची मान डावीकडून निघाली, सावकाश फिरत आली, आणि अक्का उभ्या होत्या तिथपर्यंत येऊन थांबली. उजवीकडे गेली नाही.

अक्कांनी पाटी खाली केली. परत आल्या आणि म्हणाल्या, "नाना, आता खा."

नानांनी पोळी खाल्ली. रडत खाल्ली, पण अख्खी खाल्ली. काकांनी दुसरी वाढली, तीही खाल्ली.

ऊन यायच्या आत निघायचं होतं. ट्रॅक्टरवाला घाई करत होता. मी निळीची ताडपत्री उचलली, एक टोक नानांकडे दिलं. नानांनी सवयीने बॉनेटवर तळहात ठेवला आणि झटकन मागे ओढला.

ते हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातलं ताडपत्रीचं टोक हळूच काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," नाना म्हणाले. "गरम शे आजून."