दादाने हलवलेला काना

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले कपडे वाळत घातले. मग तेच ओले कपडे पुन्हा काढून बादलीत टाकले. त्या दिवसापासून माझं हे असं चाललंय. बसले की उठावंसं वाटतं, स्वयंपाकघरात गेले की कशाला आले ते आठवत नाही... माझा थोरला भाऊ उत्तम जन्मभर असाच होता. निवांत बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

आम्ही अनसिंगचे. आई-बाबा दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे आणि मुलांनी शिकायचंच, याबद्दल आमच्या घरात वाद घालायची सोय नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दादा अकोल्याला टायपिंग शिकून आला आणि वाशीमच्या बसस्टँडजवळ एक खोली भाड्याने घेऊन त्याने क्लास काढला. नागपूरहून आणलेलं एक जुनं मशीन, एवढाच त्याचा क्लास. ते मशीन निघालं हिंदीचं. त्याच्यावर 'ळ' नव्हता! आम्ही 'ल' उमटवायचो आणि पेनाने त्याचा 'ळ' करायचो. दादाला ते सहन होईना. अकोल्याच्या मिस्त्रीकडून 'ळ'चा खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, डाग देऊन बसवायचा, असं त्याने ठरवलं, तेव्हा बाबा हसत सुटले.

"काहून रे, आपल्या इकडं 'ळ' कोन म्हनते? आपन तं डोया म्हनतो, शाया म्हनतो."

"सरकार शाळा म्हनते ना बाबा," दादा म्हणाला. "अन् अर्ज सरकारलेच कराचा हाय."

एक न लागणारं चिन्ह काढून मराठी मशीनवर जिथे 'ळ' असतो तिथेच त्याने तो बसवून घेतला. पहिल्यांदा 'शाळा' असं स्वच्छ उमटलं तेव्हा दादा त्या कागदाकडे बघत खोलीभर फिरत होता.

तिथे थांबला असता तर तो दादा कसला! 'ळ' बसला आणि त्याला चटकच लागली. नक्कल करायचा कागद डोळ्यांसमोर धरायला त्याने पत्र्याचा स्टँड बनवला. आवाज कमी व्हावा म्हणून मशीनखाली घोंगडीचा तुकडा आला, बोटं घसरू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबच्या चकत्या बटणांवर बसल्या. आज लावलेलं उद्या काढायचा आणि परवा तिसरंच काही घेऊन यायचा. मी तेव्हा मॅट्रिक होऊन त्याच्याच क्लासात शिकत होते. एक दिवस तो आला तो काहीतरी सापडल्यासारखा.

"सुमे, मराठीत सगळ्यात जास्त काय लागते? काना! अन् तो ठिवला मधल्या बोटाखाली. पहिल्या बोटाखाली पाह्यजे होता."

मिस्त्री नको नको म्हणत असताना दादाने 'र' आणि काना यांची अदलाबदल करून आणली. खरं सांगते, माझा वेग वाढला. बोटं नुसती पळायची. दादा दारात उभा राहून डोळे मिटून तो आवाज ऐकायचा.

घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. बाबांनी सांगून ठेवलं होतं, टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाली तर नोकरी, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. रिठदचे पाहुणे येऊन गेलेही होते. मला नोकरी हवी होती... किती, ते दादालाच माहीत होतं.

परीक्षेला आम्ही ते अवजड मशीन गोधडीत गुंडाळून रेल्वेने अकोल्याला नेलं. केंद्रावरच्या साहेबांनी बटणांवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "हे चालणार नाही. परीक्षा नेहमीच्या मशीनवरच द्यावी लागेल." दादा त्यांना काना समजावून सांगू लागला. घंटा झाली. मी दुसऱ्या मशीनवर बसले आणि माझ्या पळणाऱ्या बोटांनी 'वाशीम'चं 'वरशीम' केलं, 'काम'चं 'करम' केलं. थांबावं तर वेळ जातो, पळावं तर चुका होतात. कागद हातात घेतला तेव्हाच मला निकाल कळला होता.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. तो डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिला. लोक वैतागले. वाशीम यायच्या जरा आधी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुले एकदाबी विचारलं नाही मी," तो म्हणाला.

घरी गेल्यावर त्याने बाबांसमोर हात जोडले. "नापास ते नाही झाली, मी झालो. तिले अजून एक डाव बसू द्या." बाबा म्हणाले, "रिठदवाल्याइले सांगतो, थांबा म्हनून."

दादाने काना आणि 'र' जागच्या जागी आणले. मग मला मशीनसमोर बसवून पहिल्यांदाच विचारलं, "काय ठिवू, काय काढू? तू सांग." मी 'ळ' ठेवला, पत्र्याचा स्टँड ठेवला. चकत्या काढ म्हटलं, घोंगडी काढ म्हटलं; आवाजाशिवाय मला लयच सापडत नव्हती. तो एकेक काढत गेला. चेहरा पडला होता, पण वाद घातला नाही. बोटांची जुनी सवय मोडायला मला फार रडावं लागलं. पुढच्या खेपेला मी पास झाले आणि मंगरूळपीरच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. आसेगावकडून शेतीचे अर्ज यायचे, त्यांच्या प्रती मी करायचे. रिठदचे पाहुणेही थांबले होते. त्यांच्याच घरी मी सून म्हणून गेले, नोकरी न सोडता.

दादा गेल्यानंतरचा जलदान विधी झाल्यावर सगळे पांगले, मी वहिनीजवळ राहिले. दादाच्या खोलीतली खिडकी उंचावर आहे. कोंदट वाटत होतं म्हणून मी उठले, तर खिडकीला एक दोरी बांधलेली, वर छोटी कप्पी. दादा चांगला उंच, आणि दोरी मात्र पार खाली, कमरेपर्यंत आलेली.

"माहा खांदा धरला हाय ना, हात वर जात नाही," वहिनी म्हणाली. "तुह्ये दादा दवाखान्यातून आले अन् पैले हे करत बसले. मले भिंतीपाशी उभं केलं. म्हने, तुह्या हाताले कुठं येते ते दाखव, मग बांधतो."

मी थोडं वाकून दोरी ओढली. खिडकी उघडली, वारा आत आला. मी पुन्हा दाराकडे निघाले होते...

"आता बस ना सुमन," वहिनी म्हणाली.

मी बसले.