पिकअप कोणी बनवली

मला पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा लेकीनं पुण्याहून एक मोठं खोकं पाठवलं. आत प्लास्टिकचे बारीक ठोकळे, चाकं, स्प्रिंगा आणि एक जाडजूड पुस्तक. पुस्तकातल्या चित्रांप्रमाणे जोडत गेलं की खडकावरून, वाळूतून सुसाट पळणाऱ्या पिकअपचं मॉडेल तयार होणार होतं. लेकीला माझा स्वभाव ठाऊक. मी पवनीच्या विणकराच्या घरातली. बाबांच्या मागावर तुटलेले धागे लहानपणी मीच सांधायचे. लग्न होऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आल्यावरही शिलाई मशीन बिघडली म्हणून कधी कोणाला बोलावलं नाही.

दुपारची कामं आटोपली की मी दिवाणावर ठोकळे पसरून बसायचे. अकरा दुपारी लागल्या. मध्येच कळलं की मागचा अ‍ॅक्सल उलटा बसवलाय. तेवढा सगळा भाग उकलला आणि परत जोडला. शेवटी गाडी पुढे ढकलली की बॉनेटखालचे पिस्टन वरखाली होऊ लागले, वरून दाबली की चारही चाकं स्प्रिंगांवर दबून परत वर यायला लागली. नवऱ्यानं दोनदा दाबून पाहिली आणि हसला. मी ती बैठकीतल्या शोकेसवर ठेवली.

आमचं घर एकत्र. नवऱ्याचे मोठे भाऊ, मोठी जाऊ आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. नागपूरला इंजिनियर होऊन आलेला, पण नोकरीत कुठे टिकला नव्हता. दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा. गाडी पाहिल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे खर्र्याची प्लास्टिकची पन्नी तिच्या मागच्या हौद्यात ठेवली आणि मित्रांना दाखवून हसला. संध्याकाळी मी पाहिलं तर हौद्यात सुपारीचे ओले कण चिकटलेले. जुन्या ब्रशनं घासताना तो वास हाताला लागला, आणि मला जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर त्याच्यासाठी सांगून आलेल्या मुलीकडचे लोक घर पाहायला आले. मुलगीही सोबत होती. भंडाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, मोजकं बोलणारी. मी पोह्यांच्या प्लेटा घेऊन बैठकीत शिरले तेव्हा तिचे वडील शोकेसकडे पाहून विचारत होते, हे काय आहे. मोठ्या दिरांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं की आमच्या मुलानं बनवली, पहिल्यापासून त्याचं डोकंच तसं. पुतण्या मान खाली घालून म्हणाला, "काही नाही, टाइमपास आहे."

खोट्यापेक्षा त्या लाजण्याची मला शिसारी आली. प्लेटा ठेवून मी आत गेले.

मुलीनं त्याला विचारलेलं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. पुढची चाकं वळतात कशी? तो म्हणाला, आत गिअर आहे. कुठून फिरवायचं? त्यानं विषय बदलला. छतावर फिरवायचं एक बोटभर बटण होतं, तेही त्याला माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं ती हात धुवायला मागे आली. मोरीजवळ मी एकटी होते, पण पलीकडे ओट्याशी मोठी जाऊ चहा गाळता गाळता कान देऊन होती. मुलगी हळूच म्हणाली, "काकू, गाडी खरंच त्यायनंच बनवली का?"

जावेचा हात थांबला. मी म्हणाले, "हो, त्यानंच."

एवढं बोलायला मला काहीच जड गेलं नाही, याची किळस आजही वाटते. ती "बरं" म्हणाली आणि टॉवेल मागितला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, महिन्याभरानं करायचं ठरलं.

साक्षगंधाला आठवडा असताना पुतण्या माझ्या खोलीत आला. मुलीनं फोनवर सांगितलं होतं म्हणे, गाडीचं इंजिन काढून परत बसवतानाचा व्हिडिओ पाठवा. त्यानं सगळं ठरवूनच आणलं होतं. जोडणार मी, व्हिडिओत फक्त हात दिसणार, मधून मधून त्याचा चेहरा. माझ्या अंगावर टाकायला त्याचा फुलबाह्यांचा शर्टही आणला होता. काखेत घामाचे पिवळे डाग, कॉलरला खर्र्याचा वास.

"काकू, बांगड्या तेवढ्या काढून ठेवा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हे माह्यानं होणार नाही."

तो गेला आणि बापाला घेऊन आला. दीर दारातूनच बोलले. "तुले काय फरक पडते? खेळणंच तर आहे. पोराचं लग्न जुळून राहिलं, तू गाडी धरून बसली."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपर वाचत होता. पान उलटायचंही विसरला होता.

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला गेले, त्या मुलीच्या लॅबमध्ये. रक्त द्यायला आलेल्या लोकांमध्ये बाकावर बसून राहिले, ती मोकळी होईपर्यंत. मग सांगितलं की गाडी मी बनवली, त्या दिवशी मी खोटं बोलले. ती दचकली नाही.

"मले तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "फक्त तो कबूल करते का, ते पाहून राहिली होती. म्हणून व्हिडिओ मागितला."

मी विचारलं, मग साक्षगंधाला हो कशाला म्हणालीस. हो बाबांनी म्हटलं होतं, ती म्हणाली. आतून कोणी तिला हाक मारली आणि ती गेली.

दोन दिवसांनी त्यांचा नकार आला. मी भंडाऱ्याला गेल्याचं घरात मीच सांगितलं, कारण लपवत बसायची मला किळस आली होती. मोठ्या जावेनं चूल वेगळी केली. पुतण्याचं पुढच्या वर्षी दुसरीकडे जमलं. हळदीला मला बोलावलं, पण मुलीकडच्यांशी बोलायला कोणी पुढे केलं नाही. नवरा एकदाच म्हणाला की एवढ्याशा खेळण्यापायी घर फुटलं. मी त्याला विचारलं, मी तो शर्ट घालायला हवा होता का. तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ नळाखाली पाय धूत राहिला.