सुलोचन वलं हाय

मी सगळं सांगतो असा माझ्या बायकोचा समज आहे. एक गोष्ट सोडली तर तो खराही आहे. आनंदाच्या लाल गाडीचं मी तिला कधी सांगितलं नाही, मुलांना नाही — आणि आनंदाला तर नाहीच. तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल कदाचित, आज जीभ जरा सैल झाली आहे.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालातलं हे. सांगलीत विश्रामबागेला माझं कुशनचं दुकान होतं. गाड्यांच्या सीटा शिवायच्या, वरचे कापडी टप बसवायचे, खाली मॅट चिकटवायची. पेट्रोल कडाडलं तसे बड्या घरच्यांनी हौशीने घेतलेल्या विलायती गाड्या विकायला काढल्या. शेजारी जुन्या गाड्या विकणारा एजंट होता, त्याच्याकडे एका महिन्यात दोन आल्या. दोन्ही दोन दारांच्या, टप मागे दुमडणाऱ्या, शर्यतीत पळवायच्या जातीच्या. एक हिरवी, एक लाल.

आनंदा माझा शाळेपासूनचा दोस्त, कऱ्हाडजवळच्या मलकापूरचा. मिलिटरीत पंधरा वर्षं ट्रक चालवून नुकताच घरी आला होता. त्याच्या डोक्यात होतं, एक उघडी गाडी घ्यायची आणि वरातीला भाड्याने द्यायची. घोड्यापेक्षा गाडीची हौस लोकांना नवी होती. आणि आनंदासारखा ड्रायव्हर कुठे मिळणार? तो दारूला शिवत नसे. थोरला भाऊ दारूपायी गेला, तेव्हा आईला त्याने शब्द दिला होता. सबंध पंचक्रोशीत त्याचं नाव त्या एका गोष्टीवर होतं. फौजी असून घेत नाही, म्हणून लोक त्याच्याकडे जरा नवलानेच बघायचे.

त्याच्या कॅन्टीनच्या कोट्यातली रम कुणाला मिळायची? मला. वर्तमानपत्रात गुंडाळून आणून द्यायचा. माझ्या घरी तेव्हा माहीत नव्हतं.

तर गाड्या. हिरवीच्या डॅशबोर्डला खऱ्या लाकडाची फळी, घड्याळासारखे काटे, पण चामड्याच्या सीटा उसवलेल्या, स्प्रिंगा बाहेर आलेल्या. साडेअकरा हजार. लाल नऊ हजाराला, आणि आतून नवी कोरी. कारण ती मी केली होती. पांढरं रेक्झिन, त्यावर लाल गोटाची किनार, बदामाच्या आकाराची शिलाई — एकवीस दिवस मी त्या सीटांवर घालवले होते. तसं काम मी त्याआधी केलं नव्हतं, पुढेही झालं नाही. दुकानासमोरून जाणारी पोरं हिरवीकडे बघायचीसुद्धा नाहीत. नवरा-नवरी त्या पांढऱ्या सीटवर, समोर बँडबाजा, आणि कुणीतरी विचारतंय, ही शिवली कुणी? हे चित्र मी कितीदा रंगवलं होतं, काय सांगू.

आणि तुम्हाला वाटेल, मग यात लपवण्यासारखं काय आहे? सांगतो. सांगायला बसलोय तर सांगतोच.

सीट शिवायला काढली तेव्हा मी खालचा पत्रा पाहिला होता. ड्रायव्हरच्या सीटचे पाय जिथे आवळलेले, तिथे तो पापडासारखा झाला होता. पान्ह्याने टोकलं तर भुगा पडला. एजंटाला हे ठाऊक नव्हतं, मी बोललो नाही. बोल्टांखाली चकतीसारखे मोठे वायसर घातले, वर गोणपाट अंथरलं, त्यावर मॅट चिकटवली. झाकल्यावर छान दिसत होतं.

आनंदा आला तेव्हा एजंट चहा सांगायला गेला होता. आनंदाने दोन्ही इंजिनं ऐकली. मग मला म्हणाला, "बाळू, तू सांगशील ती घेतो. तुज्याइतकं आतलं कुणाला म्हाईत हाय?" मी लाल म्हणालो. क्षणाचाही विचार केला नाही. हिरवीला पैसे जास्त, वर सीटांचा खर्च, वरातीला हिरवा रंग कोण घेणार — सगळं पटेल असंच बोललो, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण मिलिटरीची खोड, पायाखालचं आधी बघायचं. तो वाकला आणि मॅटची कड धरली.

चिकटवायच्या सोल्युशनला आम्ही सुलोचन म्हणतो. मी म्हणालो, "सुलोचन वलं हाय रं, उचलू नगंस. सगळं काम वाया जाईल."

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. माझ्या कामाचा मान राखला त्याने. सुलोचन तीन दिवसांपूर्वीच वाळलं होतं.

पहिला हंगाम झकास गेला. मी दोन वराती मुद्दाम बघून आलो. कुणीतरी खरंच विचारलं, शिवली कुणी? मी पुढे झालो. लाज वाटते, पण तेव्हा मला पत्र्याची आठवणसुद्धा झाली नाही.

मग एका सकाळी इस्लामपूरला वरात सोडून तो एकटाच माझ्याकडे निघाला होता. आष्ट्याच्या अलीकडे, वळणावर, गाडी सरळ चिंचेवर गेली. ऊसतोडीच्या बायकांनी त्याला बाहेर काढलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला. आणि गाडीत फुटलेली रमची बाटली — पांढरी सीट भिजलेली, त्याचे कपडे भिजलेले. पंचनाम्यात दारूचा वास लिहिला गेला. फौजी माणूस, बाटली गाडीत. आणखी कुणाला काय विचारायचं होतं? सगळ्यांना सगळं कळून चुकलं.

ती बाटली माझी होती.

गाडी एजंटाच्या आवारात आणून टाकली, तेव्हा मी बघायला गेलो. सीटचे मागचे पाय पत्रा फोडून खाली गेले होते. सीट मागे कलंडली आणि स्टिअरिंगवरचे हात सुटले, इतकं साधं होतं ते. आसपास कोणी नव्हतं. मी वाकलो आणि मॅट ओढून सारखी केली. कशासाठी? आता कोण बघणार होतं? तरी केली.

त्याच्या मुलीचं, शालनचं, लग्न म्हसवडला जमलं होतं. बाप पितो म्हणून त्यांनी नारळ परत पाठवला. चार वर्षांनी तिला एका बिजवराला दिली. मी त्या लग्नाला गेलो होतो, जेवलोही.

लाकडी पायावर लंगडत दुकानात यायचा तो अधूनमधून. बाकावर बसायचा, माझं शिवणं बघायचा. एकदा म्हणाला, "बाटली तुजी हुती, ह्ये म्या कुणाला बोललो न्हाई. वैनींना कळलं असतं तर तुज्या घरात उगं कटकट झाली असती." मी सुईत दोरा ओवत राहिलो. मग काठी मांडीवर आडवी घेऊन म्हणाला, "पर येक कळत न्हाई, गड्या. म्या गाडी चालवत हुतो, आन् येकदम समोर आभाळच दिसलं. नुसतं आभाळ. मला डुलकी लागली असंल का रं? इतकी वर्सं ट्रक चालवला, कवा लागली न्हाई."

तो माझ्याकडे बघत होता. पंधरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस स्वतःच्या हातांबद्दल मला विचारत होता. आभाळ का दिसलं हे जगात एकट्या मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "लागली असंल."

त्याने मान हलवली. "तसंच असंल," म्हणाला, आणि काठी घेऊन उठला. पुढे त्याने कधी विचारलं नाही. गेला तो डुलकी लागली असंच धरून गेला.