सुनेचा स्कार्फ

चाळीस वर्षं दूध कट्ट्यावर म्हैस पिळणाऱ्या आकारामच्या पोटात हल्ली दुखत होतं, आणि त्यावर डॉक्टरकडे औषध नव्हतं. दुखणं सुनेच्या कौतुकाचं होतं. तापानं तो पंधरा दिवस अंथरुणाला खिळला, तेव्हा सून क्रांती म्हैस घेऊन कट्ट्यावर उभी राहिली. गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोर धार काढून द्यायची हे पुरुषाचं काम, बाईनं वैरण-शेण बघावं, असं त्याचं म्हणणं. पण तो बरा होऊन आला, तर गिऱ्हाइकं विचारू लागली, "सूनबाई न्हाय आल्या?" त्यात त्याची लाडकी म्हैस चंद्री त्याच्या हाताला दूधच सोडेना.

"म्हैस बाईच्या कापडाच्या वासाला भुलतीया," तो सगळ्यांना सांगे. "त्यात हुशारी कसली?"

तरी कुणी क्रांतीचं नाव काढलं की त्याला घास गोड लागत नसे. एके संध्याकाळी त्यानं खुंटीवरचा तिचा स्कार्फ उचलला, डोक्याला गुंडाळला आणि तिच्या आधीच चंद्रीला घेऊन कट्टा गाठला. चंद्रीनं स्कार्फ हुंगला, शांत उभी राहिली. तो खूश होऊन खाली बसला. पहिल्याच पिळीला तिनं लाथ झाडली आणि बादली रस्त्यावर गेली.

"आकाराम, लुगडंबी नेसायचं की," एक गिऱ्हाईक म्हणालं.

मागून आलेली क्रांती हसली नाही. तिनं बादली उचलून आणली.

"मामा, अंगठा मुडपून पिळताय. तिच्या सडाला चीर पडलीया. सगळ्या मुठीनं, हळू पिळायचं."

ती बसली आणि पेल्यात फेस चढू लागला. आकाराम तिच्या मुठीकडे बघत राहिला. त्याच्या पोरानं, सम्राटनं, पहिल्यांदा अर्धी बादली काढली तेव्हा 'हात हाय पोराला' म्हणून यानं गल्लीभर पेढे वाटले होते. सून रोज भरली बादली काढत होती, तर त्याचं श्रेय यानं तिच्या स्कार्फाला दिलं होतं. स्वतःचीच लाज वाटली त्याला. जळफळाट मात्र होता तिथंच होता.

पेला तोंडाला लावत गिऱ्हाईक म्हणालं, "सूनबाईवर लई जीव हाय म्हशीचा."

व्हय म्हणून सुटता आलं असतं. आकारामनं डोक्याचा स्कार्फ सोडला.

"जीव माझ्यावरबी हाय, पावणं," तो कसाबसा म्हणाला. "हात तिचा हाय."