शपथेचं पाणी आणि डांगूचं ‘बघू’

नाव : डांगू. हुद्दा : श्रीविजयाच्या दातूंचा वस्त्रप्रक्षालक. राहणार : राजवाड्याखालचा धोबीघाट, मूसी नदीवरचा तराफा. शपथशिळेवरचा क्रम : सेनापती, न्यायाधीश, लेखक, गलबतांचे नाखवे आणि व्यापारी यांच्या खाली, राजदासांच्या वर. वर्तन : निष्ठावंत. विशेष : याने धुतलेल्या वस्त्रावर डाग राहत नाही.

शपथेच्या दिवशी भाट हे खणखणीत आवाजात म्हणायचा आणि डांगूची छाती तेवढ्यापुरती फुगायची. दातू म्हणजे राजा, आणि वस्त्रप्रक्षालक म्हणजे धोबी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण भाटाने म्हटलं की धोबीसुद्धा जरा उंच दिसतो.

शिळेच्या माथ्यावर दगडी नागाचे सात फणे होते आणि खाली शाप कोरलेला होता. फण्यांवर पाणी ओतलं की ते अक्षरांवरून ओघळायचं, शाप सोबत घ्यायचं आणि पन्हळीतून वाटीत पडायचं. ते प्यायचं. मन साफ असेल तर काही होत नाही. मनात फितुरी असेल तर आतडी सडतात. खाई त्याला खवखवे, एवढाच त्या अक्षरांचा मथितार्थ. कोणकोण फितूर होऊ शकतं याची यादीही दगडावर होती, आणि तीत धोबी होते. डांगूला याचा अभिमान वाटायचा. शेजारचा कोळी कितीही इमानदार असो, त्याला शाप देण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

फक्त एक कलम त्याला सलायचं. शत्रूशी संधान बांधणारा, मंत्रतंत्र करणारा, राजवाड्यात विष नेणारा यांच्याच ओळीत एक जण होता : आपलं माणूस नगराबाहेर धाडणारा. माणसं बाहेर धाडली की मागोमाग आपणही जायचा बेत असतो, असा दगडाचा समज होता.

आणि डांगूची मुलगी वायी हिला नगराबाहेरच जायचं होतं. बातांगहारी नदीवरचा लिंबुक नावाचा नाखवा कापूर घेऊन आला होता. त्याची होडी पलीकडच्या काठाला बांधलेली होती आणि तो वारा फिरण्याची वाट बघत होता. वायी त्याची वाट बघत होती. वारा फिरला की तो थांबणार नव्हता. कापूर थांबला की उडतो.

शपथेच्या सकाळी डांगूची बायको सांगी साबुदाण्याची लापशी ढवळत म्हणाली, “वायीच्या बा, पाणी पिण्याआधी काय ते सांगून टाक. पोरीला जाऊ देतोस का नाही?”

“बघू.”

“काय बघणार आहेस? मला मागणी घालायला आला होतास तेव्हाही बघूच म्हणाला होतास. तुझ्या बापाने हो म्हटलं म्हणून मी या तराफ्यावर आहे.”

वायी रिठे फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “बा, तू सरळ नाही म्हण. म्हणजे मला भांडता तरी येईल. बघूशी कसं भांडायचं?”

डांगू उठला. तो शिळेकडे गेला, वाटी तोंडाला लावली आणि प्यायला. त्या साली पाऊस लांबला होता आणि विहारामागचं तळं आटलं होतं, म्हणून पाणी नदीचं आणलं होतं. शेवाळाची चव लागली. शाप असाच लागत असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले.

तराफ्यावर राहणाऱ्याला ही गोष्ट लपवणं अवघड असतं. भिंती झावळ्यांच्या, शेजार हाताच्या अंतरावर, आणि खाली थेट नदी. डांगू पोट धरून कोपऱ्यात बसला आणि आपण नक्की काय केलं याचा हिशेब लावू लागला. हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं. बघू म्हणजे मनाचं दार किलकिलं ठेवणं, आणि शापाने नेमकं त्या फटीतून बोट घातलं होतं.

“धोब्यांचे तुहान येऊन गेले,” सांगी हळूच म्हणाली. तुहान मारुक हे धोब्यांचे मुकादम. “कुणाचं पोट बिघडलंय का विचारत होते. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे दगडासारखे घट्ट आहेत.”

“त्यांनी काय म्हटलं?”

“काही नाही. घाईत होते. चालणं जरा विचित्र होतं त्यांचं.”

डांगूला ते ऐकूही गेलं नाही. पाणी पिऊन आजारी पडलेल्या माणसाचं काय करतात हे त्याला माहीत होतं. काहीच करत नाहीत, फक्त नदीत सोडतात. बाकीचं सुसरी करतात.

मग राजवाड्यातून कपड्यांच्या टोपल्या आल्या. रोजच्या दोन-तीन येतात, त्या दिवशी येतच राहिल्या. डांगूने पहिली सोडली. सेनापतींचं धोतर. त्याने नाक मुरडलं आणि दुसरी सोडली. न्यायाधीश. तिसरीत युवराजांची कलिंगदेशी तलम वस्त्रं होती, आणि त्यांची जी अवस्था होती ती युवराजांच्या पदवीला शोभणारी नव्हती. चौथ्या टोपलीत भाटाचा शेला. भाटाचं तर शेल्यापर्यंत गेलं होतं.

पाचवी टोपली खुद्द दातूंची होती. डांगूने ती उघडली, बघितली आणि झाकण परत लावलं.

विहाराची टोपली मात्र नेहमीसारखी होती. भिक्खूंना शपथेचं पाणी प्यावं लागत नाही. त्यांची चीवरं स्वच्छ होती. एकावर फक्त शाई सांडलेली, तीही संस्कृत शिकायला आलेल्या चिनी भिक्खूची.

सांगीने सगळ्या टोपल्यांवरून नजर फिरवली आणि पदर तोंडात कोंबून ती इतकी हसली की तराफा हलला. “अग बाई! अख्खा राजवाडा फितूर!”

“हळू बोल.”

“दातू स्वतःच्याच राज्याविरुद्ध उठलेत की काय?”

“सांगी, हळू.”

“अरे मेल्या, पाणी नासकं होतं! तुला कसला शाप आणि कसलं काय. पोरीला जाऊ दे आता.”

डांगूलाही ते कळत होतं. पण टोपलीतून बाहेर आलेली गोष्ट परत टोपलीत जात नाही. पाणी नासकं, तर आजवर आतडी सडली म्हणून सुसरींच्या तोंडी गेलेली माणसं कोण होती? आणि पाणी पवित्र, तर सिंहासनावर कोण बसलं होतं? या दोन प्रश्नांच्या मधोमध एक धोबी उभा होता.

हा हिशेब राजवाड्यानेही केला असावा. दुपारच्या आत घाटाच्या दोन्ही टोकांना वेताचे दोर ताणले गेले आणि भालेकरी बसले. कपडे धुऊन होईपर्यंत आतली होडी बाहेर जाणार नाही, बाहेरची आत येणार नाही. कपडे कधी धुऊन होतील ते डांगूच्या हातात नव्हतं. टोपल्या येतच होत्या.

वायी दोराशी जाऊन उभी राहिली. पलीकडच्या काठावर लिंबुक शीड उलगडत होता. सकाळपासून तिचे केस उलट्या दिशेने उडत होते. वारा फिरला होता.

“बा,” ती म्हणाली, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात तुहान मारुक आले. केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी छातीशी धरून, दोन पावलं टाकून थांबत, घामाने निथळत. भालेकऱ्यांना त्यांनी लांब जायला सांगितलं.

“डांगू, हे माझं. नारिंगी काठाचं आहे, दातूंनी दिलेलं. आजच्या आज हवं. कुणाला कळता कामा नये.”

डांगूने पुडकं हातात घेतलं. आयुष्यभर जे म्हटलं तेच त्याच्या तोंडून निघालं. “बघू.”

तुहानांचा चेहरा पांढरा पडला. “बघू म्हणजे?”

डांगू दचकला. या शब्दाने कुणी घाबरतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने तोच शब्द परत, जरा सावकाश म्हणून बघितला.

“बघू म्हणजे... बघायला लागेल, तुहान. धुऊन देईन आत्ता. पण वाळणार कुठे? इथल्या दोऱ्या राजवाड्याने अडवल्यात. सेनापतींच्या शेजारी तुमचं टाकू का? लोक विचारतील, हे नारिंगी कुणाचं.”

“नको, नको!”

“पलीकडच्या काठावर ऊन चांगलं आहे. माणूस पाठवायला हवं. पण दोर लावलेत.”

“दोर मी सोडवतो. कुणाला पाठवतोस?”

“मुलगी जाईल. तोंडाची घट्ट आहे.”

“आणि तूसुद्धा ना, डांगू?”

“मी धोबी आहे, तुहान. धोब्याने तोंड उघडलं तर नगरात कुणी कपडे घालून फिरणार नाही.”

तुहानांना हसायचं होतं, पण पोटामुळे त्यांनी ते टाळलं.

डांगूने ते कापड रिठ्यात बुचकळलं, राखेच्या पाण्यातून काढलं आणि दगडावर आपटलं. मध्ये एकदा त्याला स्वतःलाच धावावं लागलं. ओलं कापड त्याने वायीच्या हातात दिलं. सांगीने त्यावर डुरियन फळाच्या लोणच्याची बरणी ठेवली, जणू कापड वाळत घालायला लोणचं लागतंच.

“जाऊ ना, बा?” वायीने विचारलं.

डांगूने तोंड उघडलं. सांगी त्याच्याकडे बघत होती.

“जा,” तो म्हणाला.

भालेकऱ्याने दोर खाली दाबला. होडकं बाहेर पडलं. भरती ओसरत होती, पाणीही समुद्राकडेच निघालं होतं. पलीकडे पोचल्यावर वायीने एकदा हात वर केला. मग ते मोठं शीड मध्ये आलं.

तुहानांनी संध्याकाळी कापड विचारलं, दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांना उमगलं की तक्रार करायची तर काय हरवलं, ते धुवायला का टाकलं होतं आणि पोरीसाठी दोर कुणी सोडवला, हे सगळंच सांगावं लागेल. तेरी भी चुप, मेरी भी चुप. पण डांगू मोकळा राहणं बरं नव्हे, एवढं त्यांनी वर पोचवलं.

डांगूला बढती मिळाली. श्रीदातूंच्या गुह्य वस्त्रांचा रक्षक. या हुद्द्याच्या माणसाने घाट सोडून जायचं नसतं, बाजारातही नाही. दोर कायमचे राहिले. सांगी म्हणायची, आता आपल्याला अंगण झालं. नव्या हुद्द्यासाठी नवी शपथ घ्यावी लागली. पाणी त्याच नदीचं होतं. संध्याकाळपर्यंत डांगूला पुन्हा जुलाब लागले, आणि त्याचे कपडे त्यानेच धुतले.

पुढे कधीतरी, लवंगांची गलबतं परतायच्या मोसमात, बातांगहारीची एक होडी घाटासमोरून गेली. दोराच्या आत उभ्या असलेल्या डांगूला त्यातली माणसं ओळखू आली नाहीत. ती शिडाआड होती. होडीवर बाळाची झोळी टांगलेली होती, नारिंगी काठाची. मधोमध पिवळट डाग होता. तो निघाला नव्हता.