न बसणारी कोंबडी

भिजवलेल्या कोंड्याचा वास आला की लालबागच्या आमच्या चाळीची मागची गॅलरी आठवते. खालून संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेऱ्या जात, त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. वडिलांनी आणलेली विलायती पांढरी कोंबडी तिथे कोंडा खाई आणि भरपूर अंडी देई; मात्र खुडूक होऊन ती उबवायला कधी बसत नसे. आत्याने तिला दोनदा अंड्यांवर बसवले, दोनदा ती उठून गेली. एका रविवारी आत्या म्हणाली, “अंड्यार बसणा नाय, ती मादी कसली? आज कापूया.” मग माझ्या पुस्तकांकडे पाहत तिने पुस्ती जोडली, “शिकलेली चेडवां पण अशीच होतत.” वडिलांनी सुरी काढलीही. मी कोंबडी कुशीत घेतली. “आत्या, न बसणं तिच्या वाणातच आहे. गावठी कोंबडी बसली की अंडी देणं थांबवते; ही बसत नाही, म्हणूनच देत राहते. उबवायला शेजारची गावठी आहे. हिला कापायचीच असेल, तर आधी माझ्या हातातून काढून घे.” “माका शिकवतंस गो?” “हो.” वडिलांनी सुरी फडताळात परत ठेवली. त्या दुपारी बोंबलाचे कालवण झाले. पुढे मी लग्न केले नाही, निवृत्तीपर्यंत जीवशास्त्र शिकवले, आणि आनुवंशिकतेचा धडा प्रत्येक वर्गात त्याच कोंबडीपासून सुरू केला.